गवतात दडलेली ॲलॉय : एका कॉस्प्ले फोटोशूटचा प्रकरण अभ्यास

पहिल्या चाचणीचे फोटो आम्ही दोघींनी रात्री लॅपटॉपवर पाहिले आणि बराच वेळ कुणी काही बोललंच नाही. माझ्या मावसबहिणीने कॉलेज सांभाळून जवळजवळ तीन महिने शिवलेला ॲलॉय या व्हिडिओ गेममधल्या नायिकेचा पोशाख, मी भर दुपारी सोसायटीच्या गच्चीवर काढलेले चाळीसेक फोटो, आणि प्रत्येक फोटोत ती गॅदरिंगच्या वेशभूषा स्पर्धेला उभी असल्यासारखी. शेवटी तीच म्हणाली, "ताई, ही ॲलॉयचे कपडे घातलेली मुलगी आहे. ॲलॉय नाहीये ही."

तिचं खरं होतं. पुढच्या सात आठवड्यांत आम्ही काय बदललं, का बदललं आणि तरीही कुठे चुकलो, ते इथे सविस्तर लिहिते आहे. कॉस्प्ले करणाऱ्या, म्हणजे एखाद्या काल्पनिक पात्राचा हुबेहूब वेश करणाऱ्या, आणि त्यांचे फोटो काढणाऱ्या दोघांनाही त्यातलं काही ना काही उपयोगी पडेल.

ज्यांनी खेळ खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडी ओळख. ॲलॉय ही 'होरायझन झीरो डॉन'ची नायिका. ॲमस्टरडॅमच्या गुरिला स्टुडिओने हा खेळ २०१७ साली आणला. काळ एकतिसाव्या शतकाचा, जागा आज जिथे अमेरिकेतली कोलोरॅडो आणि युटा ही राज्यं आहेत तिथली. आपलं जग कधीच बुडालेलं आहे, माणसं टोळ्या करून राहतात आणि रानात जनावरांच्या रूपातली यंत्रं हिंडतात. नोरा टोळीने तान्ही असतानाच वाळीत टाकलेल्या या मुलीला रॉस्ट नावाचा, स्वतःही वाळीत पडलेला माणूस वाढवतो आणि शिकार शिकवतो. लहानपणी जुन्या जगाच्या एका पडक्या तळघरात तिला कानाशी लावायचं छोटं त्रिकोणी यंत्र सापडतं. त्याचं नाव फोकस. अंगावर कातडं, लोकर आणि दोऱ्या, हातात धनुष्य, आणि कानाशी हजार वर्षांपूर्वीच्या जगाचा हा निळा ठिपका. तिच्या रूपाची सगळी मजा या विसंगतीत आहे.

गुरिलाने कॉस्प्ले करणाऱ्यांसाठी ॲलॉयची खास सचित्र मार्गदर्शिकाही दिलेली आहे. बहिणीने ती कोळून प्यायली होती. त्यामुळे पोशाखाची मापं, तुकडे, मणी यांत खोट काढायला फारशी जागा नव्हती. खोट होती ती आमच्या बेतात. आम्ही पोशाखाचा फोटो काढायला निघालो होतो. ॲलॉय त्या घडीला कुठे आहे, काय करते आहे, कशाकडे बघते आहे, हे आम्ही ठरवलंच नव्हतं. मग ती बिचारी कमरेवर हात ठेवून उभी राहणार, दुसरं काय करणार?

तेव्हा पहिलं काम म्हणून खेळातला एकच प्रसंग निवडायचा ठरवला. खेळात फोटो मोड आहे. खेळ जागच्या जागी थांबवायचा, कॅमेरा हवा तसा फिरवायचा आणि दिवसाची वेळसुद्धा बदलायची. दोन रविवार आम्ही त्यातच घालवले. मावसभाऊ खेळत होता आणि आम्ही दोघी मध्ये मध्ये "थांब!" म्हणून ओरडत होतो. शेवटी निवडला तो प्रसंग खेळ खेळलेल्या प्रत्येकाच्या हातात बसलेला आहे. तांबूस शेंड्यांच्या उंच गवतात ॲलॉय दबा धरून बसली आहे आणि समोरून वॉचर येतो आहे. वॉचर हे पहारा देणारं छोटं, दोन पायांचं यंत्र. तोंडाच्या जागी एकच गोल दिवा. त्याला कशाचा संशय नसतो तेव्हा तो दिवा निळा, काहीतरी चाहूल लागली की पिवळा, आणि चाल करून येताना लाल.

इथे मला या शूटची किल्ली सापडली. यंत्र बनवायला ना पैसे होते, ना जागा, ना वेळ. नंतर संगणकावर चिकटवलेलं यंत्र मला पटत नाही, पायाखालचं गवत आणि सावली कधी जुळत नाही. पण वॉचरचा प्रकाश आम्हाला आणता येत होता. तीन फोटो काढायचे, तिन्हीत फक्त ॲलॉय. तिच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा निळा, मग पिवळा, मग लाल उजेड. यंत्र चौकटीबाहेर राहील आणि बघणाऱ्याला ते तिच्या डोळ्यांत दिसेल. यानंतरचे सगळे निर्णय या एका कल्पनेच्या कसोटीला लावून घेतले.

जागा

उंच, वाळलेलं, तांबूस गवत पुण्याच्या आसपास डिसेंबरात शोधावं लागत नाही. सासवडच्या बाजूला माळावर कुसळी गवत कमरेएवढं वाढून तांबडं-सोनेरी झालेलं असतं आणि मावळत्या उन्हात त्याचे शेंडे पेटल्यासारखे दिसतात. खेळातल्या गवताशी ते इतकं जुळतं की बहिणीने पहिल्यांदा पाहिलं तेव्हा गाडीतून उतरायच्या आधीच टाळ्या वाजवल्या. किल्ल्यावर जायचा विचार मी आधीच सोडून दिला होता. संरक्षित वास्तूत स्टँड आणि दिवे लावायचे तर परवानगीचं लचांड, शिवाय या प्रसंगात दगडी भिंतीला काही कामच नाही. आम्ही ओळखीतून एका शेतकरी काकांचा पडीक माळ मिळवला.

काकांची अट एकच होती. "धूर-बिर काही करू नका बरं का, ताई. गवत वाळलंय. एक ठिणगी पडली तर डोंगर जाईल." आमच्या यादीत तोवर रंगीत धुराच्या नळ्या होत्या. त्या त्याच दिवशी रद्द केल्या. कॉस्प्लेच्या फोटोंत धुराची एवढी सवय झाली आहे की वाळलेल्या माळावर आपण जळती वस्तू नेतो आहोत हे लक्षातच येत नाही. वणव्याने दर उन्हाळ्यात काळे पडलेले डोंगर आपण सगळे बघतो.

दुसरी गोष्ट सापांची. बहीण संध्याकाळी उंच गवतात उकिडवी बसणार होती आणि तीच वेळ घोणस बाहेर पडायची. म्हणून भर उन्हात जागा पक्की केली, काठीने गवत आपटून घेतलं, ती बसणार तेवढा चटईएवढा तुकडा विळ्याने कापून मोकळा केला आणि तिथवर यायला पायवाट केली. कापलेल्या गवताच्या पेंढ्या काठ्यांना बांधून कॅमेऱ्याच्या अगदी समोर रोवल्या. फोटोत ती घनदाट गवतात बुडालेली दिसते. प्रत्यक्षात तिच्या पायाखाली स्वच्छ जमीन होती. गावच्या पोलीस पाटलांनाही आदल्या दिवशी फोन करून ठेवला, कारण तिन्हीसांजेला धनुष्य घेतलेली मुलगी आणि रंगीत उजेड लांबून दिसला तर कुणीही घाबरेल.

पोशाख : घोंगडी, चामडं आणि झीज

गच्चीवरच्या फोटोंनी पोशाखातला एक दोष मात्र उघडा पाडला होता. चामड्याच्या जागी वापरलेलं रेक्झिन. हाताळताना ते बेमालूम वाटतं, पण उन्हात त्याची चकाकी सगळीकडे सारखी येते आणि कापलेल्या कडेला आतलं पांढरं कापड डोकावतं. खांद्यावरच्या पट्ट्याची ती पांढरी रेघ एकदा दिसली की नजर तिथेच अडकते. आमच्या भागात चपला शिवणाऱ्या काकांकडून खऱ्या चामड्याचे उरलेसुरले तुकडे आणले. त्यांनी बहिणीला आरीने भोक पाडून मेण लावलेल्या दोऱ्याने कसं शिवायचं ते अर्ध्या तासात शिकवलं. तिचे टाके वेडेवाकडे आले. मी तसेच ठेवायला सांगितले. ॲलॉयचे कपडे रानात बसून हाताने शिवलेले आहेत, शिवणयंत्राची सरळ रेघ तिथे खोटी वाटते.

कापडासाठी आजोबांची जुनी घोंगडी मिळाली. मध्ये विरलेली होती, त्यामुळे आजीने फाटकी बाजू कापायला दिली आणि चांगली बाजू परत मागितली. बाजारातलं कुठलंही कापड घोंगडीच्या जवळपास जात नाही. जाडसर, खरबरीत, उजेड शोषून घेणारं. खांद्यावर आणि कमरेला तिचे पट्टे आले आणि आधीच्या नकली फरचा खेळण्यासारखा भाव एकदम गेला. फर आम्ही कॉलरपुरती ठेवली आणि कात्रीने उभी-आडवी कातरून तिचे पुंजके केले.

पोशाखावर यंत्रांच्या तुकड्यांसारख्या दिसणाऱ्या पांढऱ्या पट्ट्या ५ मिलिमीटरच्या ईव्हीए फोमच्या, म्हणजे हलक्या स्पंजासारख्या शीटच्या, होत्या. हीट गनने पृष्ठभाग बंद करायचा, वर काळा हात, त्यावर पांढरा, आणि मग पातळ तपकिरी रंग लावून लगेच फडक्याने पुसायचा म्हणजे तो फक्त खाचांत उरतो. हे तिने आधीच नीट केलं होतं. फक्त मळ सगळीकडे सारखा होता, जणू पोशाख एकदाच चिखलात बुडवून काढला. आम्ही पोशाख जमिनीवर पसरला आणि प्रत्येक ठिकाणी विचारलं, इथे काय घासतं? भात्याचा पट्टा खांद्यावर घासतो. दबा धरताना गुडघे आणि डावं कोपर टेकतं. बाण ओढणाऱ्या बोटांवरचं चामडं गुळगुळीत होतं. तेवढ्याच जागा १२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासल्या आणि बाकी पोशाख काहीसा स्वच्छ ठेवला. या एका कामाला दोन संध्याकाळी लागल्या आणि माझ्या मते पोशाखात सगळ्यात जास्त फरक त्यानेच पडला.

धनुष्याने मात्र आम्हाला दमवलं. ते पाऊण इंची पीव्हीसी पाइप तापवून वाकवलेलं होतं आणि दोरी इलॅस्टिकची. दोरी ओढली की इलॅस्टिक ताणतं, पण पाइप वाकत नाही. बघणाऱ्याला कारण सांगता येत नाही, तरी हे धनुष्य लटकं आहे हे कळतं. न ताणणारी दोरी लावली तर पाइप मोडायची भीती. उत्तर पुन्हा प्रसंगातूनच आलं. पहिल्या दोन फोटोंत तिने बाण नुसता लावून ठेवायचा, ओढायचा नाही, कारण ती लपलेली आहे. त्या दोन्हींसाठी साधी सुती दोरी. तिसऱ्यात ओढायचा, पण कॅमेरा बरोबर समोर, बाणाच्या टोकाशी. तिथून धनुष्याची कमान आखडलेली दिसते आणि ती वाकली की नाही ते कळत नाही. बाणाचं टोक फोमचं होतं आणि तरीही मी लांब लेन्स लावून सहा पावलं मागे होते.

केस आणि चेहरा

पहिला विग संत्र्याच्या गोळीच्या रंगाचा होता. बहीण सावळी आहे आणि तो रंग तिच्या चेहऱ्यापासून सुटा पडत होता. ओळखीच्या एकीने सल्ला दिला की चेहऱ्याला दोन छटा उजळ फाउंडेशन लाव म्हणजे जुळेल. आम्ही तो ऐकला नाही, आणि याबद्दल माझं मत पक्कं आहे. पात्र साकारायला स्वतःची कातडी पुसावी लागत नाही. जुळवायचाच तर विग जुळवायचा. दुसरा विग तांबूस-तपकिरी, मुळाशी गडद असलेला घेतला. सगळ्या शूटमध्ये सर्वाधिक खर्च त्याच्यावरच झाला आणि तो वसूल झाला. बारीक वेण्या घालून त्यात मणी ओवले, नकली चकाकी मारायला टाल्कम पावडर ब्रशने फिरवून झटकली. भुवयांना त्याच छटेचा रंग दिला. गालावरचे वांग भुवयांच्या पेन्सिलीने ठिपके देऊन बोटाने दाबले. हिरव्या लेन्स तिला फार हव्या होत्या, पण माळावरची धूळ आणि कुसळं डोळ्यांत लेन्स असताना नकोत म्हणून मी आग्रहाने नाही म्हटलं. जवळच्या फोटोंत तिचे स्वतःचे काळेभोर डोळे उजेड जास्त चांगला धरतात, हे नंतर दिसलं.

उजेडाची तालीम

वॉचरचा दिवा गोल आहे, म्हणून तिच्या बुबुळात पडणारा ठिपकाही गोलच हवा. माझ्या सॉफ्टबॉक्सने, म्हणजे उजेड मऊ करायला दिव्यावर लावतात त्या कापडी खोक्याने, चौकोनी खिडकी उमटते आणि सगळी कल्पना तिथेच फसते. तुपाच्या रिकाम्या डब्याचा तळ कापून आत एलईडी टॉर्च बसवली, तोंडाला बटर पेपर आणि त्यावर नाटकाच्या दिव्यांना लावतात ते रंगीत जिलेटिन. असे तीन रंगांचे तीन तुकडे रबरबँडने अडकवायचे.

विग कळशीवर चढवला, खोलीत अंधार केला आणि एकेक रंग टाकून पाहिला. ही तालीम केली नसती तर माळावर तोंडावर पडलो असतो. निळ्या उजेडात तांबडा विग मातकट काळा झाला. तांबड्या केसांकडून निळा उजेड परत येतच नाही, मग दिसणार काय? ॲलॉयचे केसच गेले तर राहिलं काय? तोड अशी काढली की निळा उजेड फक्त समोरून चेहऱ्यावर टाकायचा आणि पाठीमागून केसांच्या कडेवर एक छोटा फ्लॅश नारिंगी जिलेटिन लावून मारायचा. मावळतीचं ऊन पाठीशी आहे असं भासतं आणि वेण्यांची कड पेटते.

लालची तऱ्हा वेगळी. लाल जिलेटिन उजेड फार खातं, आणि कॅमेऱ्यात लाल रंग एकदम भरून वाहायला लागतो. मग गाल, नाक, वांग सगळं एकच लाल डाग. उजेड नेहमीपेक्षा एक स्टॉप कमी, म्हणजे निम्मा, ठेवला आणि कॅमेऱ्यात दिसणारे तिन्ही रंगांचे आलेख वेगवेगळे तपासले तेव्हा कातडी परत दिसू लागली.

ती संध्याकाळ

डिसेंबरात पुण्याकडे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि आपल्या अक्षांशांवर संधिप्रकाश फार टिकत नाही. आभाळ गडद निळं आहे पण काळं नाही, असा वेळ वीस-बावीस मिनिटांचा. टॉर्चचा उजेड त्यातच दिसणार होता. चार वाजता पोचलो, शेतकरी काकांच्या घरी तयारी केली आणि साडेपाचला जागेवर बसलो.

पहिला अडथळा फोकसचा. बहिणीने घरी आरशासमोर मोबाइलवर फोटो काढून त्यावरून खुणा केल्या होत्या, आणि आरसा बाजू उलटवतो. मूळ चित्राशी ताडून पाहिलं तर फोकस भलत्याच कानाशी! ते काढून दुसऱ्या बाजूला चिकटवण्यात मोलाची दहा मिनिटं गेली.

कथेचा क्रम निळा, पिवळा, लाल. मी काढला पिवळा, निळा, लाल. पिवळ्या जिलेटिनमधून सगळ्यात जास्त उजेड येतो, तो आभाळ अजून उजळ असतानाही उठून दिसतो. लाल सगळ्यात मंद, त्याला अंधार लागतो. हिशोब बरोबर होता. फक्त एक गोष्ट निसटली, तिन्ही फोटो शेजारी ठेवल्यावर मधल्याचं आभाळ दोन्ही बाजूंपेक्षा उजळ दिसू लागलं. वेळ मागे गेल्यासारखं वाटे. शेवटी पिवळ्यासाठी फक्त चेहरा आणि गवत असलेली, आभाळ नसलेली चौकट निवडावी लागली. पुढच्या वेळी पिवळा काढताना मी मुळातच आभाळ टाळीन.

पोझ मी सांगितल्या नाहीत. मावसभाऊ डबा छातीशी धरून वॉचर झाला. खेळात वॉचर जसा चालतो, मान जशी झटक्यात फिरवतो, तसा तो गवताच्या पलीकडून चालत होता. मी बहिणीला एवढंच सांगत होते, "तो लांब आहे. श्वास सोड हळूच... आता मान वळवली त्याने." निळ्यात तिचा चेहरा शांत होता, मोजमाप घेणारा. पिवळ्यात भावाने न सांगता दोन पावलं जोरात टाकली आणि तिची बोटं बाणावर आपोआप आवळली गेली. तिच्या हातावर नस उठली होती. तोच फोटो आम्ही ठेवला. ८५ मिलिमीटरची लेन्स, छिद्र एफ/२, आणि उजेड उतरत गेला तसा आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची क्षमता, ४०० वरून २५०० पर्यंत चढवत नेला.

लालच्या वेळी वाऱ्याने मागच्या फ्लॅशचा स्टँड आडवा केला. त्याला पाण्याचा कॅन बांधायचं मी विसरले होते. फ्लॅश गवतावर पडला म्हणून वाचला, पण कोन बदलला आणि दोन-तीन चांगल्या क्षणांत तिचे केस काळेच राहिले. उरलेल्यांतून एक मिळाला, बाण ओढलेला, दोन्ही डोळ्यांत एकेक लाल टिपका. सव्वासहा-साडेसहाच्या दरम्यान आभाळ मिटलं आणि आम्ही आवरलं.

संपादनात मी फार हात लावला नाही. फोकसभोवती खेळात दिसते तशी प्रकाशाची जाळी काढून पाहिली होती. ती आली की नजर डोळ्यांवरून कानाकडे जाते, म्हणून पुसून टाकली. सावल्यांत किंचित निळसर छटा आणि कपाळावर दिसणारी विगची जाळी झाकणं, एवढंच केलं.

घोंगडीत अडकलेली कुसळं काढायला आजी आणि बहीण दोन दुपारी बसल्या. चिमट्याने एकेक. घोंगडी पूर्ववत झाली नाही, हात फिरवला की अजून टोचते. माळाच्या शेतकरी काकांना तिन्ही फोटो व्हॉट्सॲपवर पाठवले, तेव्हा त्यांचा लगेच फोन आला. खेळ, यंत्र, ॲलॉय यांतलं त्यांना काहीच माहीत नाही. तिसऱ्या फोटोबद्दल त्यांनी काळजीने विचारलं, "ताई, पोरीसमोर बिबट्या आलता का काय? मला सांगायचं ना, मी आलो असतो काठी घेऊन."